एका बोर्डवर बरोबर, दुसऱ्यावर चूक : सीच्या हेडर फायलींतल्या मॅक्रोचा टाइप कसा तपासायचा

आधी लक्षणं. यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा.

– टेबलावरच्या बोर्डवर कोड चोख चालतो, साइटवरच्या बोर्डवर तोच कोड उलटं उत्तर देतो.
– रीडिंग शून्याच्या खाली गेलं की अलार्म वाजतो किंवा 'सेन्सर गेला' असं दिसतं.
– डिस्प्लेवर पहिला आकडा बरोबर, शेजारच्या रकान्यात मात्र कारण नसताना उणे १.
– एका मिनिटाचा टायमर लावला, पण मोटर सुरूच होत नाही.
– फाइल वाचणारा प्रोग्रॅम पीसीवर संपतो, रास्पबेरी पायवर संपतच नाही आणि सीपीयू १०० टक्क्यांवर अडकतो.
– यादीत मराठी नाव आलं की विंडोजवरचा डीबग बिल्ड थांबतो.

सांगलीत, कुपवाड एमआयडीसीत, मी पंपांचे कंट्रोलर, पाणीपातळीचे मीटर आणि वजनकाट्याचे इंडिकेटर यांचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम, लिहितो. वरची सगळी लक्षणं मी एकदा नाही, अनेकदा दुरुस्त केली आहेत. वरून वेगवेगळी दिसतात, पण मूळ एकच असतं. मॅक्रोची किंमत बरोबर असते आणि टाइप वेगळा असतो. मॅक्रो म्हणजे हेडर फाइलमध्ये एखाद्या किमतीला किंवा कोडच्या तुकड्याला दिलेलं नाव, आणि टाइप म्हणजे ती संख्या किती बिटांची आणि तिला उणे चालतं की नाही. किंमत छापून बघता येते म्हणून सगळे तीच बघतात. टाइप छापून दिसत नाही. म्हणून लोक केबल बदलतात, सेन्सर बदलतात, शेवटी बोर्ड बदलतात, आणि बिघाड होता तिथेच राहतो.

खालची सगळी नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. कीबोर्डवर अर्थातच मूळ स्पेलिंग टाका.

आधी एक उदाहरण सविस्तर

नदीकाठच्या एका जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवर, आमचा पातळीमीटर बसवला होता. कृष्णेकाठी पाण्याची पातळी म्हणजे नुसता आकडा नसतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. पावसाळ्यात त्या आकड्यांवर नजर ठेवूनच काठावरच्या मोटारी वर काढतात. मीटरवर एकदा अविश्वास बसला की माणसं ऐन गरजेला त्याच्याकडे बघत नाहीत. त्यामुळे खोटा अलार्म ही माझ्या दृष्टीने किरकोळ तक्रार नाही.

उन्हाळ्यात पाणी शून्याच्या खुणेखाली गेलं आणि मीटरने 'सेन्सर गेला' असं दाखवायला सुरुवात केली. ऑपरेटरचा फोन आला, "साहेब, हा तिसरा सेन्सर. आता हा पण गेला म्हणतंय." सेन्सर खोलून आणला, टेबलावर लावला, उत्तम चालला.

सेन्सरला प्रतिध्वनी मिळाला नाही की तो ६५५३५ पाठवतो. म्हणून कोडमध्ये अट होती : पातळी जर यूइंट१६-मॅक्स वजा १०० पेक्षा मोठी असेल तर सेन्सर नादुरुस्त धर. यूइंट१६ हा उणे न चालणारा १६ बिटांचा टाइप, आणि यूइंट१६-मॅक्स ही त्याची कमाल, ६५५३५. पातळी हा साधा इंट, म्हणजे उणेही चालणारा पूर्णांक, कारण शून्याची दुरुस्ती वजा केल्यावर ती उणे होऊ शकते. त्या दिवशी ती होती उणे ३ सेंटिमीटर. उणे ३ हे ६५४३५ पेक्षा मोठं कसं?

टेबलावरचा बोर्ड ३२-बिटी एआरएम होता. तिथे इंटमध्ये ६५५३५ सहज मावतो, म्हणून यूइंट१६-मॅक्सचा टाइप साधा इंट. उणे ३ आणि ६५४३५ यांची तुलना शाळेतल्यासारखी होते आणि उत्तर 'नाही' येतं. साइटवरचा बोर्ड ८-बिटी एव्हीआर. तिथे इंट १६ बिटांचा, कमाल ३२७६७. त्यात ६५५३५ मावत नाही, म्हणून तिथे त्याच मॅक्रोचा टाइप अनसाइन्ड इंट, म्हणजे उणे न चालणारा इंट, होतो. इंट आणि अनसाइन्ड इंट समोरासमोर आले की सीच्या नियमाने इंट अनसाइन्ड होतो. उणे ३ चे होतात ६५५३३. ते ६५४३५ पेक्षा मोठे. सेन्सर गेला.

यात हेडर फाइलची चूक नव्हती. दोन्ही हेडर सीच्या प्रमाणाप्रमाणेच, म्हणजे स्टँडर्डप्रमाणेच, लिहिलेल्या होत्या. प्रमाण सांगतं की या मॅक्रोचा टाइप म्हणजे त्या जातीचं चल गणितात उतरवल्यावर त्याचा जो टाइप होतो तो. लहान टाइप गणितात इंट होतात, इंटमध्ये मावत नसतील तर अनसाइन्ड इंट. चूक आमच्या अटीची होती. कच्चं रीडिंग यूइंट१६ मध्ये ठेवून आधी ६५५३५ ची तपासणी करायची आणि मग शून्याची दुरुस्ती वजा करायची, एवढाच बदल केला. तीन सेन्सरचे पैसे मात्र गेले.

आता तपासण्या, स्वस्त आधी.

कंपायलर काय बोलतो ते ऐका

याला काही खर्च नाही, पाच मिनिटं लागतात, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा काम इथेच संपतं. जीसीसी या कंपायलरला डॅश डब्ल्यूऑल आणि डॅश डब्ल्यूएक्स्ट्रा हे दोन्ही पर्याय द्या. सीमध्ये साइन्ड-अनसाइन्ड तुलनेची सूचना नुसत्या डब्ल्यूऑलमध्ये येत नाही, ती डब्ल्यूएक्स्ट्राबरोबर येते. जॅकवेलच्या कोडला हा एक पर्याय दिला असता तर पहिला सेन्सरही बदलावा लागला नसता. सूचना बंद करून कोड 'स्वच्छ' दाखवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. कृपा करून ती सोडा.

आणि बिल्ड त्याच बोर्डसाठी करा ज्यावर बिघाड दिसतो. ३२-बिटी बोर्डच्या कंपायलरला ८-बिटी बोर्डवरची अडचण दिसणार नाही.

स्वतःच्या मॅक्रोंवर नजर फिरवा

सिस्टिम हेडरवर संशय घेण्याआधी घरचे तपासा. टायमरचं लक्षण जवळजवळ नेहमी इथलं असतं. मिनिटाचे मिलिसेकंद म्हणून कोणीतरी मॅक्रो लिहिलेला असतो : ६० गुणिले १०००. दोन्ही आकडे इंट, म्हणून गुणाकारही इंटमध्ये. १६-बिटी इंटमध्ये ६०००० मावत नाही, आणि व्यवहारात हाती येतात उणे ५५३६. ते ३२-बिटी अनसाइन्ड टायमरमध्ये टाकले की होतात ४२९४९६१७६० मिलिसेकंद, म्हणजे ४९ दिवस आणि वर १७ तास. रात्रीच्या लाइटवर पाणी पाजणारा माणूस मिनिटभराने मोटर सुरू होईल म्हणून उभा आहे, आणि कंट्रोलर दीड महिन्याहून जास्त मोजतोय. १००० च्या मागे यूएल, म्हणजे अनसाइन्ड लाँग, लावलं की प्रश्न मिटतो. गुणाकाराच्या उत्तराला कास्ट लावून, म्हणजे त्याचा टाइप मागाहून बदलून, उपयोग नाही, कारण बिघाड कास्टच्या आधीच झालेला असतो.

याच फेरीत प्रत्येक मॅक्रोला बाहेरून कंस आहेत का, आणि आतल्या प्रत्येक घटकाला आहेत का, तेही बघून घ्या.

कॅर कुठे कुठे वापरला आहे ते शोधा

ही तपासणी खर्चाने लहान, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

कॅर हा अक्षरासाठीचा एका बाइटचा टाइप. फाइलमधून एकेक बाइट वाचणारी एफगेटसी कॅर परत देत नाही, इंट परत देते. फाइल संपली हे सांगणारा ईओएफ हा उणे किमतीचा इंट आहे, आणि तो कुठल्याही खऱ्या बाइटशी जुळू नये म्हणूनच तो अनसाइन्ड कॅरच्या, म्हणजे ० ते २५५ च्या, बाहेर ठेवलेला आहे. उत्तर कॅरमध्ये साठवलं की ही सोय गेली. एआरएम लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड असतो, म्हणून त्यात साठवलेली किंमत ईओएफशी कधीच जुळत नाही आणि लूप संपत नाही. रास्पबेरी पाय अडकतो तो असा. पीसीवर कॅर साइन्ड असतो, तिथे लूप संपतो, पण २५५ हा बाइट आला की फाइल अर्ध्यावर संपल्याचं समजतो. मराठी मजकूर साठवायची नेहमीची पद्धत यूटीएफ-८, आणि तिच्यात २५५ हा बाइट कधी येत नाही, त्यामुळे मराठीच्या फायलींवर चाचणी घेऊन समाधान मानू नका. लोडसेलच्या बायनरी फ्रेममध्ये तो हमखास येतो.

आता मराठी नावांचं. सीटाइप डॉट एच मधल्या, अक्षरं तपासणाऱ्या-बदलणाऱ्या इझस्पेस, इझअल्फा, टूअप्पर यांना द्यायची किंमत ० ते २५५ मधली किंवा ईओएफ असलीच पाहिजे. 'सावंत' मधला 'स' यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा असतो : २२४, १६४, १८४. साइन्ड कॅरमध्ये त्यांचे होतात उणे ३२, उणे ९२, उणे ७२. म्हणजे देवनागरीचा प्रत्येक बाइट हद्दीबाहेर. इंग्रजी नावांवर वर्षभर बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम सभासदांची मराठी यादी आली की पहिल्याच ओळीला कोसळू शकतो. विंडोजच्या डीबग बिल्डमध्ये तो निदान थांबून सांगतो. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये आतलं टेबल उणे १२८ पासून ठेवलं आहे, म्हणून तिथे वरकरणी चालतं आणि चूक लपते. उपाय एकच : किंमत देताना ती अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करा. इंटमध्ये केलेला कास्ट चालत नाही, उणे ३२ उणेच राहतात, आणि वर कंपायलरची सूचनाही गप्प होते.

या सूचनेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. छोट्या बोर्डांवर चालणाऱ्या न्यूलिब या सी लायब्ररीच्या सीटाइप डॉट एच मध्ये हे मॅक्रो मुद्दाम अशा पद्धतीने लिहिले आहेत की कोणी साधा कॅर दिला तर डब्ल्यूऑल चालू असताना कंपायलरने तक्रार करावी. मॅक्रोच्या आत एका रिकाम्या स्ट्रिंगला तुम्ही दिलेली किंमत अनुक्रमांक म्हणून लावली आहे आणि त्यावर साइझऑफ, म्हणजे किती बाइट ते सांगणारा ऑपरेटर, लावला आहे. त्याचं उत्तर नेहमी १. हा १ टेबलात ईओएफसाठी लागणारी एक घराची सरक भरून काढतो, आणि 'अनुक्रमांक कॅर टाइपचा आहे' ही सूचना सोबत उमटते. चालू प्रोग्रॅममध्ये त्याचा एक सायकलही खर्च नाही. कुठल्या तरी अनोळखी माणसाने आपल्याला सावध करण्यासाठी एवढा विचार केला आहे. ती सूचना आली तर तिचा मान ठेवा.

कुठली हेडर उघडली जाते ते बघा

कंपायलरला डॅश मोठा एच दिला की तो उघडलेल्या प्रत्येक हेडरचा पत्ता छापतो. स्टडइंट डॉट एच चा पत्ता प्रोजेक्टच्या फोल्डरमधला निघाला तर तिथेच थांबा. ही फाइल १९९९ च्या प्रमाणात आली. त्याआधीच्या कंपायलरसाठी लोकांनी घरी लिहिलेल्या प्रती अजून एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात फिरत असतात. इन्क्लूडच्या ओळीत कोनी कंस असले तरी डॅश मोठा आय ने दिलेलं फोल्डर सिस्टिमच्या आधी शोधलं जातं, म्हणून घरची प्रत जिंकते.

अशा प्रतींत दोन चुका मला वारंवार सापडतात. एक, यूइंट८-मॅक्स म्हणून २५५ च्या मागे यू. तो साधा २५५ च हवा. यू लावला की उणे ३ हे २५५ पेक्षा लहान राहत नाहीत. दुसरी, २५५ च्या पुढे यूइंट८ चा कास्ट. दिसायला फार काटेकोर, पण हॅश-इफमध्ये हा मॅक्रो वापरता येत नाही. हॅश-इफ सोडवणाऱ्या प्रीप्रोसेसरला, म्हणजे कंपायलच्या आधी मॅक्रो उलगडणाऱ्या टप्प्याला, टाइप कळत नाहीत. त्याला न कळलेलं प्रत्येक नाव तो शून्य धरतो, आणि मग शून्यापाशी चिकटून २५५ उभा राहतो. 'मिसिंग बायनरी ऑपरेटर' अशी तक्रार येते ती यामुळे.

हेडर गप्प आहे की गप्प केली आहे

जीसीसी सिस्टिम हेडरमधल्या सूचना दाखवत नाही. चिप विकणाऱ्यांच्या नमुना प्रोजेक्टांत त्यांचं फोल्डर पुष्कळदा डॅश आयसिस्टिम ने जोडलेलं असतं, आणि मग त्यातल्या मॅक्रोंमधून उगवणाऱ्या सूचनाही गिळल्या जातात. डॅश डब्ल्यू-सिस्टिम-हेडर्स हा पर्याय लावून एकदा बिल्ड करा. शेकडो ओळी येतील, घाबरू नका. फक्त स्वतःच्या फायलींच्या ओळी शोधा.

मॅक्रो उलगडा

इथून पुढे अर्धा दिवस लागू शकतो. डॅश मोठी ई दिली की प्रीप्रोसेसर नंतरचा मजकूर मिळतो. बिघडलेली ओळ शोधा आणि मॅक्रोच्या जागी खरोखर काय बसलंय ते वाचा.

डिस्प्लेवरचं उणे १ मी असंच पकडलं. एका हेडरमध्ये इंट१६-मिन म्हणून थेट उणे ३२७६८ लिहिलं होतं. सीमध्ये उणे संख्या म्हणून वेगळा स्थिरांक नसतो. आधी ३२७६८ वाचला जातो, मग त्यापुढचं उणे चिन्ह लागतं. १६-बिटी इंटमध्ये ३२७६८ मावत नाही, म्हणून तो लाँग होतो, चार बाइटांचा. प्रिंटएफला तो डी फॉरमॅटने, म्हणजे साधा इंट म्हणून, दिला की ती दोनच बाइट उचलते. खालचे दोन बाइट म्हणजे नेमके उणे ३२७६८, तो आकडा बरोबर दिसतो. उरलेले दोन बाइट पुढच्या रकान्याच्या वाट्याला येतात, आणि ते असतात उणे १. नीट लिहिलेल्या हेडरमध्ये उणे ३२७६७ वजा १ असं दिसतं ते यासाठी. ती विचित्र वाटणारी वजाबाकी 'सोपी' करू नका.

टाइपची चाचणी लिहा

सगळ्यात स्वस्त चाचणीला बोर्डही लागत नाही. हॅश-इफमध्ये लिहा : उणे १ जर यूइंट८-मॅक्सपेक्षा मोठा असेल तर हॅश-एरर. मॅक्रो अनसाइन्ड असेल तर बिल्ड तिथेच थांबेल. १६-बिटी इंटच्या बोर्डवर यूइंट१६-मॅक्सला ही चाचणी नापास होणार, आणि ते योग्यच आहे. ते विसरून हेडर बदलू नका.

इंट की लाँग एवढा बारीक भेद बघायचा असेल तर २०११ च्या प्रमाणात आलेला, टाइप बघून उत्तर निवडणारा अंडरस्कोर जेनेरिक वापरा. इंट असेल तर १, बाकी सगळ्याला ०, आणि त्यावर स्टॅटिक असर्ट, म्हणजे अट खोटी निघाली तर बिल्ड थांबवणारी ओळ. मी अशा ओळींची एक फाइल करून ठेवली आहे आणि नवा कंपायलर आला की आधी तीच बिल्ड करतो.

फंक्शनसारखा दिसणारा मॅक्रो संशयित असेल तर त्याचं नाव कंसात घालून हाक मारा, किंवा हॅश-अनडेफ करा. प्रमाणित लायब्ररीतल्या फंक्शनला मॅक्रोचं रूप दिलं तरी खरं फंक्शन मागे असावंच लागतं. कंसामुळे मॅक्रो उलगडत नाही आणि फंक्शन चालतं. निकाल बदलला तर चोर सापडला. एचटीओएनएस सारख्या, बाइटांचा क्रम बदलणाऱ्या नेटवर्कच्या मॅक्रोंना हे लागू होईलच असं नाही. काही बिग-एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या, यंत्रांवर ते दिलेली किंमत जशीच्या तशी परत करतात, टाइपसकट, त्यामुळे उत्तर १६-बिटी चलात घेऊनच पुढे वापरा.

६४-बिटी काउंटर छापताना पीआरआय-यू-६४ हा मॅक्रो वापरा. त्या काउंटरचा टाइप, यूइंट६४, ६४-बिटी लिनक्सवर अनसाइन्ड लाँग असतो, ३२-बिटीवर अनसाइन्ड लाँग लाँग. आणि एक्झेकएल सारख्या, दुसरा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनच्या शेवटी नुसता नल (रिकामा पॉइंटर) न देता तो कॅर पॉइंटरमध्ये कास्ट करून द्या. पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या यंत्रणांच्या प्रमाणाने, २००८ पासून नल हा व्हॉइड पॉइंटरच हवा असं ठरवलं आहे, पण सीच्या प्रमाणाला साधा शून्यही चालतो, आणि तो शून्य ६४-बिटी यंत्रावर अर्धाच पॉइंटर भरतो.

कुठे थांबायचं

टाइपच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या, उलगडलेली ओळ बरोबर आहे आणि तरी आकडा चुकतो, तर हा मॅक्रोचा बिघाड नाही. मेमरीवर कोणीतरी लिहितंय किंवा वीजपुरवठा डळमळतोय. डीबगर आणि ऑसिलोस्कोप हाताळणाऱ्या माणसाकडे बोर्ड द्या, कोडमध्ये कास्ट पेरत बसू नका. अंदाजाने टाकलेला कास्ट लक्षण झाकतो आणि पुढच्या माणसाचं काम दुप्पट करतो.

चिप विकणाऱ्याची हेडर खरोखर चुकीची निघाली तरी तिला हात लावू नका. त्यांची तयार लायब्ररी त्याच हेडरवर बिल्ड झालेली असते. तुम्ही टाइप बदलला तर स्ट्रक्चरची मापं दोन्हीकडे वेगळी होतील. आपल्या फाइलमध्ये योग्य मॅक्रो वेगळ्या नावाने लिहा आणि पाच ओळींचा नमुना कोड जोडून त्यांना कळवा.

मोटर पॅनेल उघडायची वेळ आली तर परवानाधारक वायरमन हवा. आत ४१५ व्होल्टची थ्री-फेज असते आणि लॅपटॉप घेऊन तिथे वाकून बसायचं काही कारण नाही. लॉग बाहेर काढून घ्या.

आणि वजनकाटा. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग काट्यापासून रस्त्यापर्यंत लागलेली असते, काट्यावरचा माणूस म्हणतो, "दादा, पटकन काहीतरी करा." तरीही इंडिकेटरचं सील तोडायचं नाही. व्यवहारात वापरला जाणारा काटा वैधमापन कायदा, २००९ खाली येतो. त्याची दुरुस्ती परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्यानेच करायची आणि त्यानंतर वैधमापन निरीक्षकाकडून पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यायचं. फर्मवेअरमधली चूक तुम्हाला शंभर टक्के सापडलेली असली तरी ती टेबलावरच्या दुसऱ्या इंडिकेटरवर दुरुस्त करा, आधीच्या आणि नंतरच्या वजनांच्या पावत्या शेजारी ठेवा, आणि ते कागद त्या दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात द्या. तोवर गाड्या दुसऱ्या काट्यावर वळवायला सांगा.